ऑटोमॅटिक गिअरबॉक्स धक्का का मारतो: करंट, तेल आणि अर्ध्या सेकंदाचा हिशेब

ऑटोमॅटिक गाडीत गिअर कॉम्प्युटर बदलतो, असं सर्रास म्हटलं जातं. खरं तर त्याचा हात गिअरपर्यंत पोचतच नाही. पाच-सात छोट्या कॉइलमधून किती करंट जाऊ द्यायचा एवढंच तो ठरवतो. त्या कॉइल तेलाचा दाब कमी-जास्त करतात, तेल क्लच दाबतं आणि कुठले क्लच दाबले गेलेत त्यावरून गिअर ठरतो. करंट, दाब, क्लच, गिअर ही साखळी डोक्यात बसली, की गाडी धक्का का मारते, रेस होते पण ओढत का नाही, एकाच गिअरला का अडकून बसते, हे शोधायला सुरुवात कुठून करायची ते कळतं. नाही बसली तर एका सेन्सरवर भागलं असतं तिथे अख्खा गिअरबॉक्स खाली उतरतो.

हे सगळं टॉर्क कन्व्हर्टर आणि प्लॅनेटरी गिअरवाल्या ऑटोमॅटिकबद्दल आहे. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, त्याचा क्लच आणि गिअर माणसाऐवजी अॅक्च्युएटर हलवतो. सीव्हीटीत पट्टा आणि पुली, डीसीटीत दोन क्लच. त्यांचे आजार वेगळे आणि तेलंही वेगळी.

आधी लोखंड

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर बसतो. इंजिनबरोबर फिरणारा इम्पेलर तेल फेकतो, ते टर्बाइनच्या पात्यांवर आदळतं आणि टर्बाइन फिरते. मधला स्टेटर परत येणाऱ्या तेलाची दिशा वळवतो. त्यामुळे गाडी जागची हलताना टॉर्क साधारण दुपटीच्या आसपास वाढतो. वेग धरला की हा फायदा संपतो आणि तेलातली घसरण उरते, म्हणजे नुसती उष्णता. म्हणून आत लॉक-अप क्लच असतो. तो लागला की इंजिन आणि टर्बाइन जवळजवळ एक होतात. हल्ली तो पूर्ण बंद न करता २० ते ५० आरपीएमची घसरण मुद्दाम ठेवली जाते, म्हणजे इंजिनची थरथर केबिनपर्यंत येत नाही.

पुढचे प्लॅनेटरी गिअर कायम एकमेकांत अडकलेले असतात. मॅन्युअलसारखं इथे काही सरकून ‘पडत’ नाही. मधला सन गिअर ३० दात्यांचा आणि बाहेरचा रिंग गिअर ७० दात्यांचा आहे असं धरा. दोघांच्या मध्ये छोटे प्लॅनेट गिअर असतात आणि त्यांना धरणारा सांगाडा म्हणजे कॅरिअर. रिंग धरून ठेवली, सन फिरवला आणि कॅरिअरवरून आउटपुट घेतलं, तर गुणोत्तर १ + ७०/३०, म्हणजे ३.३३. सन धरला आणि रिंग फिरवली तर १.४३. सन धरूनच कॅरिअर फिरवला आणि रिंगवरून आउटपुट घेतलं तर ०.७०, हा ओव्हरड्राइव्ह. कॅरिअर धरला आणि सन फिरवला तर रिंग उलटी फिरते, हा रिव्हर्स, २.३३. कुठलेही दोन भाग एकमेकांना बांधले तर सरळ १. एकाच संचातून इतकं निघतं, फक्त कोणाला धरायचं आणि कोणाला सोडायचं एवढाच प्रश्न. झेडएफच्या आठ गिअरच्या ८एचपीमध्ये असे चार संच आणि पाचच क्लच-ब्रेक आहेत (दोन भाग जोडणारा तो क्लच, एखाद्या भागाला धरून ठेवणारा तो ब्रेक). कुठल्याही गिअरमध्ये त्यातले तीन लागलेले आणि दोन सुटे असतात. सुटे कमी, तितकं तेलात घासून वाया जाणारं कमी.

करंटचा दाब कसा होतो

गिअरबॉक्सच्या पुढच्या भागातला तेलपंप कन्व्हर्टरच्या गळ्यावर चालतो, म्हणजे इंजिन चालू असेल तेव्हाच. त्याचा दाब, म्हणजे लाइन प्रेशर, आयडलवर साधारण ४ ते ६ बार असतो आणि पूर्ण अॅक्सिलरेटरवर १५ बारच्या पुढेही जातो. हा दाब व्हॉल्व्ह बॉडीत येतो. अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात कोरलेल्या वाटा आणि त्यात सरकणारे बोटाएवढे व्हॉल्व्ह, असं तिचं रूप.

त्यावर बसलेले सोलेनॉइड, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या कॉइल आणि त्यांनी हलणारे व्हॉल्व्ह, दोन जातीचे. ऑन-ऑफ सोलेनॉइड वाट उघडतो किंवा बंद करतो. त्याच्या कॉइलचा रेझिस्टन्स सहसा १० ते ३० ओहम असतो. दुसरा लिनिअर: करंटच्या प्रमाणात दाब देणारा, साधारण ५ ओहमचा, ० ते १ अॅम्पिअरच्या आसपास चालणारा. मल्टिमीटर लावताना नेमकी इथे गफलत होते. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे २० अंशाला ५ ओहम दाखवणारी कॉइल १०० अंशाला साडेसहा ओहमची होते. थंड गाडीत मोजलेला आकडा गरम गाडीच्या तक्त्याशी ताडून ‘सोलेनॉइड गेला’ म्हणणं चूक. कंट्रोल युनिट, म्हणजे टीसीएम, व्होल्टेजवर विसंबत नाही ते याचमुळे. तो कॉइलमधून खरोखर जाणारा करंट मोजतो आणि पल्स लांब-आखूड करून तो जागेवर ठेवतो.

रेझिस्टन्स बरोबर आला म्हणजे सोलेनॉइड चांगला, असंही नाही. कॉइल ठणठणीत असते, पण पुढची जाळी क्लचच्या चुऱ्याने अर्धी बुजलेली असते किंवा आतली सुई अडखळते. हे मीटरला दिसत नाही.

बहुतेक गिअरबॉक्समध्ये लाइन प्रेशरचा सोलेनॉइड उलटा लावलेला असतो: करंट जास्त तर दाब कमी, करंट शून्य तर दाब पूर्ण. वायर तुटली, फ्यूज उडाला, टीसीएम मेला, तरी क्लच घसरून जळू नयेत म्हणून ही सोय. म्हणून वीज गेलेली गाडी डी किंवा आरमध्ये टाकताना दणका देते. गिअर निवडणारे सोलेनॉइडही असेच विचार करून मांडतात. जनरल मोटर्सच्या ४एल६०-ईमध्ये दोन शिफ्ट सोलेनॉइड आहेत, ए आणि बी: पहिल्यात दोन्ही चालू, दुसऱ्यात फक्त बी, तिसऱ्यात दोन्ही बंद, चौथ्यात फक्त ए. वीज गेली की दोन्ही बंद, म्हणजे आपोआप तिसरा. रिव्हर्स लिव्हरला जोडलेल्या व्हॉल्व्हमधून थेट तेल घेतो, म्हणून तोही मिळतो. गाडी लिम्प मोडला गेली आणि तिसऱ्यातच चालते, असं जे म्हणतात त्यामागे हे आहे. ती घरी पोचवण्यासाठी ठेवलेली वाट आहे, आठवडाभर तशीच चालवण्यासाठी नाही.

अर्ध्या सेकंदात काय काय होतं

कधी बदलायचं हा निर्णय तसा सोपा. अॅक्सिलरेटर किती दाबलाय आणि आउटपुट शाफ्ट किती फिरतोय याचा नकाशा टीसीएमच्या मेमरीत असतो. वर जायची आणि खाली यायची रेघ मुद्दाम एकमेकींपासून लांब ठेवतात. समजा हलक्या पायाने तिसरा ४० किलोमीटरला पडत असेल, तर परत दुसरा २८ला. नाहीतर गाडी दोघांच्या मध्ये हेलकावे खात बसेल. चढ, तापलेलं तेल, थंड इंजिन यांसाठी वेगळे नकाशे. तेल थंड असताना लॉक-अप लागू देत नाहीत, म्हणून सकाळी पहिली काही मिनिटं रेव्ह जरा चढलेले दिसतात. तो बिघाड नाही.

कसं बदलायचं, हे खरं अवघड काम. दुसरा गिअर २.३४चा, तिसरा १.५२चा आणि आउटपुट १००० आरपीएमला फिरतोय असं धरा. शिफ्टच्या आधी टर्बाइन २३४० वर, शिफ्ट झाल्यावर १५२० वर. मधले ८२० आरपीएम कुठेतरी जिरवायचे आहेत.

आधी नव्या क्लचच्या पिस्टनमागे तेल भरलं जातं. क्लचच्या चकत्यांमध्ये एकूण मिलिमीटर-दोन मिलिमीटरची फट असते. पिस्टनने ती ओलांडेपर्यंत क्लच काहीच ओढत नाही. ही भरणी १०० ते २०० मिलिसेकंदांची. मग जुन्या क्लचचा दाब उतरत जातो आणि नव्याचा चढतो. ओझं एका हातातून दुसऱ्या हातात जातं, पण टर्बाइन अजून २३४० वरच असते. त्यानंतर नवा क्लच घसरत घसरत टर्बाइनला १५२० पर्यंत खाली आणतो. याच वेळी टीसीएम इंजिनच्या युनिटला सांगतो, ‘जरा टॉर्क उतरव.’ स्पार्क क्षणभर मागे घेतला जातो, क्लचवरची उष्णता घटते, झटका मवाळ होतो. सगळं मिळून अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेर.

नवा क्लच उशिरा भरला, तर जुना सुटलेला आणि नवा न लागलेला अशी फट पडते. टर्बाइन २३४० वरून खाली यायच्या ऐवजी २६०० पर्यंत उसळते, आणि पायाखाली ‘गिअर सुटल्यासारखं’ वाटतं. हा फ्लेअर. उलट जुना क्लच वेळेत सुटला नाही तर दोन्ही एकमेकांशी भांडतात आणि गाडी क्षणभर ब्रेक लावल्यासारखी नाक खाली घालते. हा टाय-अप. दोन्हींना सर्रास ‘धक्का’ म्हणतात, पण कारणं नेमकी उलटी. तक्रार ऐकताना पहिला प्रश्न हाच विचारावा: धक्क्याआधी रेव्ह वर उडाले, की गाडी अडली?

चकत्या झिजल्या की फट वाढते आणि भरायला तेल जास्त लागतं. टीसीएम हे दर शिफ्टला पाहतो आणि पुढच्या वेळी भरणीचा वेळ किंवा दाब थोडा वाढवतो. १९८९ साली आलेल्या क्रायसलरच्या ए६०४ पासून हे स्वतःहून शिकणं गाड्यांत रुळलं. शिकलेले हे आकडे म्हणजे क्लचच्या झिजेची नोंदवही. स्कॅनर (टीसीएममधले आकडे वाचणारं यंत्र) लावल्या लावल्या ‘अॅडाप्टेशन रिसेट’ दाबायची सवय मला अजिबात पटत नाही. आधी ते आकडे उतरवून घ्या. एकाच क्लचचा आकडा मर्यादेला टेकला असेल आणि बाकीचे मध्यावर असतील, तर तो क्लच किंवा त्याचा सील गेलाय. सगळेच एका बाजूला सरकले असतील तर तेल, तेलाची पातळी किंवा लाइन प्रेशर. पुसून टाकलं की दोन दिवस गाडी छान वाटते आणि पुरावा गेलेला असतो.

चार आकडे

तपासायला इंजिन आरपीएम, टर्बाइन आरपीएम, आउटपुट आरपीएम आणि तेलाचं तापमान हे चारच आकडे स्कॅनरवर एकत्र लावावेत. इंजिन वजा टर्बाइन म्हणजे कन्व्हर्टरची घसरण. टर्बाइन भागिले आउटपुट म्हणजे खरं गुणोत्तर.

चौथा गिअर १.१४ चा आणि आउटपुट २०००, तर टर्बाइन २२८० हवी. इंजिन २३०० दाखवत असेल तर सगळं ठीक, लॉक-अप २० आरपीएमवर धरून आहे. इंजिन २४५० आणि टर्बाइन २२८० असेल, आणि टीसीएम मात्र लॉक-अप दिलाय म्हणत असेल, तर घसरतोय तो कन्व्हर्टर. गिअरबॉक्सचे क्लच निर्दोष. टर्बाइन २४०० दाखवत असेल तर गुणोत्तर १.२० आलं. असा गिअरच अस्तित्वात नाही. म्हणजे आतला क्लच घसरतोय, किंवा सेन्सर खोटं बोलतोय. सेन्सरचा खोटेपणा ओळखणं सोपं: तो आकडा मधेच शून्याला पडतो किंवा उड्या मारतो. लोखंड असं अचानक थांबत नाही. सेन्सरच्या चुंबकी टोकाला चिकटलेला चुरा पुसूनही कधी कधी काम भागतं.

बिघाडाचे कोडही याच हिशेबातून येतात. पी०७३१ ते पी०७३५ म्हणजे पहिल्या ते पाचव्या गिअरचं गुणोत्तर जुळत नाही. पी०७१५ टर्बाइन सेन्सर, पी०७२० आउटपुट सेन्सर, पी०७४१ लॉक-अप लागत नाही, पी०७०५ लिव्हरची जागा सांगणारा सेन्सर. पी०७०० दिसला तर त्यावरून काहीच ठरवू नका. ‘टीसीएमकडे कोड पडलाय, तिकडे बघा’ एवढाच तो निरोप असतो. फक्त इंजिन वाचणाऱ्या स्कॅनरवर हा एकटाच दिसतो. आणि एकदम पाच-सहा असंबद्ध कोड आले तर आधी बॅटरी आणि अर्थिंग तपासा. स्टार्ट करताना व्होल्टेज फार खाली गेलं की टीसीएम काहीबाही लिहून ठेवतो.

६० ते ८० किलोमीटरच्या वेगात, हलक्या पायावर, खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर आली तर संशय लॉक-अपवर. त्याच वेगात अॅक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडलला नुसता स्पर्श करा, दिवा लागेल इतकाच. बहुतेक गाड्यांत तेवढ्याने लॉक-अप सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर दोषी सापडला. चालूच राहिली तर इंजिनचा मिसफायर किंवा ड्राइव्ह शाफ्ट बघा. रस्ता मोकळा असेल तरच हे करावं.

थंड असताना उत्तम आणि गरम झाल्यावर बिघडणारी गाडी म्हणजे बहुधा गळती: तेल पातळ झालं की झिजलेल्या व्हॉल्व्ह बोअरमधून किंवा सीलवरून दाब निसटतो. उलट, रात्रभर उभी राहून सकाळी डी टाकल्यावर दोन-तीन सेकंद हलत नसेल आणि नंतर दिवसभर नीट, तर पातळी कमी, कडक झालेले सील, किंवा कन्व्हर्टरमधलं तेल रात्रीत खाली उतरलेलं.

तेल

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, असं माझं मत. बऱ्याच नव्या गिअरबॉक्सना डिपस्टिकच नसते, पातळी ओव्हरफ्लो प्लगने बघतात. गाडी चारही बाजूंनी सपाट उचलायची, इंजिन चालू करायचं, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक जागी तीन-चार सेकंद थांबवत फिरवायचा आणि पीला आणायचा. स्कॅनरवर तेल ४० अंशांच्या आसपास आलं (नेमकी मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते), की इंजिन चालूच ठेवून प्लग उघडायचा. बारीक धार येऊन थेंबांवर आली की बंद करायचा. काहीच आलं नाही तर धार येईपर्यंत भरायचं. इंजिन बंद करून उघडलं तर कन्व्हर्टर आणि कूलरकडचं तेल पॅनमध्ये उतरलेलं असतं, लिटरांनी सांडतं आणि माणूस समाधानाने कमी तेलावर प्लग लावून टाकतो. तापलेल्या गाडीत मोजलं तरी चूक: ८ लिटर तेल ४० वरून ९० अंशांना गेलं की सुमारे ३०० मिलिलिटर फुगतं.

जास्त तेलही तितकंच वाईट. फिरणारे भाग ते घुसळतात, फेस होतो, पंप हवा ओढतो आणि दाब थरथरतो. लक्षणं थेट तेल कमी असल्यासारखी, म्हणून आणखी भरलं जातं.

पॅन काढून किंवा प्लग उघडून सगळं तेल निघत नाही. एकूण ९ लिटरमधलं ४ निघालं तर एका वेळी ४४ टक्के नवं होतं. तेच दुसऱ्यांदा केलं तर ६९, तिसऱ्यांदा ८३. ‘आयुष्यभर तेल बदलायची गरज नाही’ या वाक्यावर विसंबू नका. झेडएफसारखा गिअरबॉक्स बनवणाराच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं सांगतो. तेलाचा ग्रेड मात्र मॅन्युअलमधलाच हवा. लॉक-अप आणि क्लच यांचं घर्षण त्या तेलातल्या रसायनांवर बेतलेलं असतं. ‘सगळ्यांना चालणारं’ म्हणून काहीही भरलं तर काही दिवसांत तीच थरथर सुरू होते.

पॅन उघडलाच तर चुंबक बघा. त्यावरचा करडा, लोण्यासारखा लेप नेहमीचा. बोटाला टोचणारे कण किंवा काळ्या कागदासारखे तुकडे दिसले तर पुढचं काम तेलाचं नाही. तेल गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट आत आलाय. मग गाडी चालू करू नका. कूलंट क्लचच्या कागदी अस्तराचा गोंद सोडवतो, नुसतं धुऊन भागत नाही.

तेल किंवा व्हॉल्व्ह बॉडी बदलल्यावर टीसीएमला नव्याने शिकवावं लागतं. उत्पादकाची पद्धत असेल तर तीच वापरा. नसेल तर तेल पूर्ण तापल्यावर मोकळ्या रस्त्यावर, अॅक्सिलरेटर १५-२० टक्क्यांवर स्थिर ठेवून वरच्या गिअरपर्यंत जा, पाय काढा, हलक्या ब्रेकने पूर्ण थांबा, डीमध्येच काही सेकंद उभे राहा. असं आठ-दहा वेळा. पाय मधेच खालीवर केला तर ती शिफ्ट टीसीएम शिकायला घेत नाही. पहिल्या तीन-चार शिफ्ट उग्र वाटतील, घाबरून परत रिसेट मारू नका.

बंद पडलेली गाडी ओढून न्यायची वेळ आली तर इंजिनची ताकद मिळणारी तिची चाकं उचललेली हवीत. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि एनमध्ये टाकली तरी चाकांबरोबर आतले गिअर तेलाविना फिरत राहतात.